तिच्या नावाची नोंद नसेल, तर कोयता फडात जाणार नाही

साखर कारखान्यांचे अध्यक्ष व कार्यकारी संचालक, तोडणी-वाहतूक कंत्राटदार, मुकादम, साखर आयुक्त, कामगार आयुक्त आणि महाराष्ट्र शासन यांना हा जाहीर इशारा आहे.

येत्या दसऱ्याच्या आत ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव स्वतंत्र मजूर म्हणून कारखान्याच्या दप्तरी लागले पाहिजे. जोडीच्या मजुरीतला निम्मा वाटा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाला पाहिजे. तिच्या श्रमावर उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, द्यायची असेल, तर तिची सही किंवा अंगठा घेऊन आणि करार वाचून दाखवूनच ती दिली पाहिजे. हे झाले नाही, तर गव्हाणीत पहिली मोळी कोण टाकणार याची चिंता तुम्ही करा. आम्ही, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोक, काय करणार आहोत ते खाली लिहिले आहे. प्रत्येक ओळ मनापासून लिहिली आहे. कुणी ती निवडणुकीच्या भाषणासारखी वाचून सोडून देऊ नये.

वहीत कोण आहे?

टोळी पुरवणाऱ्या मुकादमाची वही उघडा. दोनशेपानी, कडा दुमडलेल्या, शर्टाच्या आत घालून घालून पुठ्ठा वाकलेला. एका पानावर एक नाव असते, ते नवऱ्याचे. नावाखाली उचल: किती दिली, कोणत्या तारखेला, रोख की फोनवर. मग पंधरवड्याचे टनेज. मग खाडे, म्हणजे कामावर न आलेले दिवस आणि त्यांचा दंड. मध्येच किराणा आणि दवाखाना. तळाशी ‘फिटली’ किंवा ‘बाकी’. त्या पानावर राबली दोन माणसे. बाईचे नाव वरही नाही आणि खालीही नाही. तिची नोंद सापडते ती फक्त खाड्याच्या रकान्यात, कारण ती आजारी पडली की पैसे कापले जातात.

नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हा हिशेब आहे. नवरा नसलेली बाई एकटी गेली तर ती ‘अर्धा कोयता’, आणि तिला उचलही त्याच मानाने. जोडी पूर्ण व्हावी म्हणून पोरांची लग्ने कच्च्या वयात उरकली जातात. बीड, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, पाथर्डी या भागांतल्या कुणाही शिक्षकाला विचारा. दिवाळीनंतर वर्गातली कोणती मुलगी परत आली नाही, हे तो बोटांवर मोजून सांगेल.

आता तिचा दिवस पाहा. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पहाटे तीनला चूल पेटते. भाकऱ्या थापून, पाणी भरून, लेकराला फडक्यात गुंडाळून ती उजाडायच्या आत फडात पोचते. नवरा बुडातून ऊस तोडतो. ती पाचट सोलते, वाढे छाटते, कांड्या गोळा करून मोळी बांधते. ऊन वर आल्यावर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. थंडीच्या दवाने फळी निसरडी होते आणि त्याच फळीवरून सातव्या महिन्यातली बाईही चढते. गाडी रात्री अकराला आली तर भरणी अकराला. फडात ना संडास, ना आडोसा, ना धुवायला पाणी. पाळीचे कपडे ओले तर ओलेच. पहाटे पुन्हा चूल.

या कामाचे मोल काढू. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा राज्य संघ (साखर संघ) आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६७ रुपये झाला आणि मुकादमाचे कमिशन २० टक्क्यांवर गेले. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर हातात ७३४ रुपये. म्हणजे माणशी ३६७. बारा तासांनी भागले तर तासाला तीस रुपये पडतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तास धरले तर तासाला एकोणचाळीस. राज्याच्या साखरेचा डोलारा ज्या हातांवर उभा आहे, त्या हातांना खडी फोडण्यापेक्षाही कमी दाम मिळतो, आणि त्यातही बाईच्या हातात दमडी पडत नाही. करारात मुकादमाच्या टक्क्याचा निर्णय झाला. बाईच्या मजुरीचा स्वतंत्र हिशेब मात्र त्या करारानंतरही सुरू झालेला नाही.

शरीराने भरलेला दंड

एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये दंड, कुठे त्याहूनही जास्त. दिवसभर राबून जे मिळत नाही, ते एका दिवसाच्या गैरहजेरीत जाते. पाळीत पोट दुखते, अंगावरून जाते, उभे राहवत नाही, तरी खाडा परवडत नाही. मग कुणीतरी सांगते, ‘पिशवी काढून टाक, कायमची कटकट जाईल.’ जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही, असा नियम त्यानंतर झाला. तो हवाच होता. पण डॉक्टरवर नियम लावून रोगाचे मूळ जात नाही. खाड्याचा दंड तसाच आहे. उचल तशीच नवऱ्याच्या नावावर आहे. ज्या बाईच्या हाती स्वतःच्या मजुरीचा एक रुपया नाही, ती दवाखान्याची चिठ्ठी घेऊन दोन दिवस कोपीत पडून राहू शकत नाही. विश्रांतीला पैसा लागतो. नाही म्हणायलाही पैसा लागतो. स्त्रीच्या आर्थिक सक्षमीकरणावर व्यासपीठांवरून जे बोलले जाते, त्याचा फडातला अर्थ एवढाच आहे: तिने केलेल्या कामाचे पैसे तिला द्या.

तुमच्या सबबी आम्हाला पाठ आहेत

कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, ते मुकादमाचे. मग साखर संघ त्यांचा दर ठरवायला कोणत्या नात्याने बसतो? मुकादमाचे कमिशन किती टक्के, हे कारखान्यांच्या कराराने ठरते. कोणती टोळी कोणत्या गटात जाणार, हे शेतकी विभाग ठरवतो. तोडीची चिठ्ठी तुमचा स्लिपबॉय देतो. वजन तुमच्या काट्यावर होते. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुम्ही शेतकऱ्याच्या बिलातून कापून घेता. दर तुमचा, चिठ्ठी तुमची, काटा तुमचा, कपात तुमची, आणि माणूस तेवढा दुसऱ्याचा? हे आता चालणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे त्यांत लिहिलेले आहे. स्त्री म्हणून मजुरीत भेद करायचा नाही, हेही लिहिलेले आहे. दंडाची रक्कम त्या मुदतीतल्या मजुरीच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये आणि गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी, हेसुद्धा. तुमच्या खाड्याचा रकाना यांतल्या कोणत्या कलमात बसतो, ते दाखवा.

दुसरी सबब: बायकांची बँकखाती कुठे आहेत? ही सबब ऑगस्ट २०२४ मध्येच संपली. लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये बायकांच्या आधार जोडलेल्या खात्यांत थेट जमा होऊ लागले. त्यासाठी अर्ज भरले गेले, अंगणवाड्यांसमोर रांगा लागल्या, खाती उघडली गेली. शासनाचे दीड हजार ज्या खात्यात पोचतात, त्याच खात्यात कारखान्याची मजुरी का पोचत नाही? दान द्यायला खाते सापडते आणि घामाचे दाम द्यायला सापडत नाही, असे म्हणणाऱ्याची नियत आम्हाला समजते.

तिसरी सबब: नवरा-बायकोचे काम एकत्र असते, कुणी किती केले कसे मोजणार? मोजू नका. निम्मे-निम्मे करा. याच महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्या कामांवर नवरा खणत होता आणि बायको पाट्या वाहत होती. तरी मस्टरवर दोघांची नावे वेगळी लागत होती. दुष्काळात खडीच्या ढिगापाशी जमलेला हिशेब वजनकाटे, संगणक आणि मोबाइल हाताशी असलेल्या कारखान्याला जमत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

चौथी सबब मुकादमांची: उचल घेऊन मजूर पळतात, आम्ही बुडतो. काही मुकादम आणि वाहतूकदार खरोखर बुडाले आहेत, हे आम्हाला माहीत आहे. पण तोंडी व्यवहार आणि कोऱ्या कागदावरचे अंगठे यांनीच हा घोळ घातला आहे. करार लेखी झाला, दोघांच्या सह्या झाल्या आणि पैसे खात्यातून गेले, तर फसवणूक तुमचीही थांबेल. लेखी कराराला तरीही नकार देणाऱ्या मुकादमाला अंधारातच धंदा करायचा आहे, असे आम्ही धरून चालू.

आणि ज्यांना वाटते की हार्वेस्टर आले की हा प्रश्न आपोआप मिटेल, त्यांनीही ऐकावे. यंत्राच्या खरेदीला सरकारी अनुदान मिळते. ते यंत्र ज्या बाईचे काम काढून घेते, तिची नोंदच नसेल तर तिला पर्यायी काम, प्रशिक्षण किंवा भरपाई कोण कशाच्या आधारावर देणार? कागदावर जी कधी कामावर नव्हती, तिचे काम गेले असे सिद्धही करता येणार नाही. म्हणून नोंद आता हवी, यंत्र येण्याच्या आधी.

शासनाला

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर शासनाने घालायची, असे ठरले आहे. एका हंगामात साडेआठशे लाख टन ऊस गाळला गेला, तर कारखान्यांचा वाटा ८५ कोटी होतो आणि शासनाचाही तेवढाच. हा पैसा किती जमला, कुणी थकवला आणि बायकांवर किती खर्च झाला, याचा कारखानानिहाय हिशेब जाहीर करा. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. ओळखपत्र प्रत्येक बाईच्या हातात, तिच्या नावाचे, तिच्या फोटोचे पाहिजे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. न्यायालयाने उठवल्याशिवाय जागे व्हायचे नाही, ही सवय आता सोडा.

शेतकऱ्याच्या उसाचे पैसे चौदा दिवसांत दिले नाहीत, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पंधरा टक्के व्याज लागते. उसाचा हा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, थकवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त महसुली वसुलीची कारवाई करतात. शेतकऱ्याचे हे संरक्षण त्याने लढून मिळवले आहे आणि ते राहिलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की जो ऊस तोडला म्हणून ते चौदा दिवस सुरू होतात, तो तोडणाऱ्या बाईच्या मजुरीलाही तीच मुदत, तेच व्याज आणि तीच जप्ती लागू करा. गाळप परवाना देताना एफआरपीची थकबाकी तपासता, तशीच तिची नोंद तपासा.

मागण्या: दसऱ्याच्या आत

१. टोळीतल्या प्रत्येक स्त्री मजुराचे नाव, वय, गाव आणि बँक खाते कारखान्याच्या दप्तरी स्वतंत्र नोंदवावे. ही यादी कारखान्याच्या फलकावर आणि तिच्या ग्रामपंचायतीत लावावी.

२. जोडीच्या मजुरीचा निम्मा वाटा थेट तिच्या खात्यात दर पंधरा दिवसांनी जमा करावा. एकट्या बाईला पूर्ण मजूर धरावे. ‘अर्धा कोयता’ हा हिशेब बंद.

३. उचलीचा करार मराठीत, लेखी आणि दोघांच्या सह्यांनिशी व्हावा. त्याची एक प्रत बाईकडे राहावी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची उचल विधवेच्या अंगावर टाकू नये.

४. खाड्याचा दंड बंद. पाळी, गरोदरपण, बाळंतपण आणि आजारपण यांत एक रुपयाही कापू नये. सहाव्या महिन्यानंतर मोळी वाहण्याचे काम देऊ नये आणि त्या काळात महामंडळाच्या निधीतून मजुरी द्यावी.

५. प्रत्येक तळावर पाणी, संडास, न्हाणी, दिवा आणि पाळणाघर असावे. हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी व्हावी आणि तिचा कागद बाईच्या हातात द्यावा.

६. या पाच गोष्टींची पूर्तता झाल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय कोणत्याही कारखान्याला गाळप परवाना देऊ नये.

दसऱ्यानंतर काय होईल

लेखी करार न करणाऱ्या मुकादमाच्या गाडीत बाया चढणार नाहीत. ‘कोयता बंद’ ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. दरवाढीसाठी हा बंद आजवर पुरुष पुढाऱ्यांच्या हाकेवर झाला. या वेळी हाक बायांची असेल. बाई गाडीत चढली नाही, तर एकट्या पुरुषाला फडात जाऊन किती मोळ्या बांधता येतात, ते प्रत्येक चेअरमनने आपल्या शेतकी अधिकाऱ्याला विचारून घ्यावे.

उचलीच्या बदल्यात डांबून ठेवणे, गाव सोडू न देणे, लेकराला ओलीस धरणे असा एकही प्रकार आढळला, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार जाईल, गावच्या आणि कारखान्याच्याही. त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि वेठीचे कर्ज रद्द होते. किमान वेतनापेक्षा कमी दामात करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलेले आहे. हा कायदा आणि हा निकाल आमच्या बायांना आता गावोगाव वाचून दाखवले जातील.

नोंद न करणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या गाळप परवान्याला साखर आयुक्तांकडे लेखी हरकत घेतली जाईल. आयुक्तांनी तिचे लेखी उत्तर द्यावे. उत्तर आले नाही, तर ती हरकत उच्च न्यायालयात जाईल. कसूर करणाऱ्या कारखान्यांची यादी आम्ही छापू आणि त्यांची साखर विकत घेणाऱ्या मिठाई, बिस्किट आणि शीतपेय कंपन्यांच्या दारात नेऊ. आपल्या मालात कुणाच्या न दिलेल्या मजुरीची साखर आहे, ते त्यांनी ग्राहकांना सांगावे.

ऊस उत्पादक शेतकरी सभासदांना आमचे सांगणे वेगळे आहे. तुमच्याशी आमचे भांडण नाही. पण ऊस वेळेत तुटला नाही तर वजन तुमचे घटेल, उतारा तुमच्या कारखान्याचा पडेल. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते. त्या सभेत उभे राहा आणि ठराव मांडा की आमच्या उसाची तोडणी नोंदणीकृत स्त्री मजुराला तिच्या खात्यात पैसे देऊनच होईल. कारखाना सहकारी असेल तर तुम्ही मालक आहात. मालकासारखे बोला.

घरातल्या पुरुषांनाही बजावून सांगतो. बायकोच्या पाठीवरची उचल तिला न विचारता घेण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. मुकादम तुम्हाला लुटतो हे खरे आहे. त्या लुटीत बायकोचा वाटा तुम्ही स्वतःच्या हाताने घालता, हेही तितकेच खरे आहे. तिचे पैसे तिच्या खात्यात गेले, तर घर बुडणार नाही. पोराची फी आणि दवाखाना त्यातूनच निघेल, आणि पुढच्या वर्षी उचलही कमी घ्यावी लागेल.

बायांनो, यंदा कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. करार वाचून दाखवल्याशिवाय, आकडा आणि आपले नाव पाहिल्याशिवाय गाठोडे बांधायचे नाही. गाडी दारात उभी राहून हॉर्न वाजवत राहिली, तरी नाही.

महाराष्ट्रात आठ ते दहा लाख माणसे ऊसतोडीला जातात, असा अंदाज सांगितला जातो. अंदाजच सांगावा लागतो, कारण खरी संख्या कुणी मोजलेली नाही, आणि ती न मोजण्यात ज्यांचा फायदा आहे ते वर्षानुवर्षे सत्तेत आणि संचालक मंडळांत बसले आहेत. ही मोजणी आता बाया स्वतः करतील.

मुदत दसऱ्याच्या दिवशी सूर्यास्ताला संपते. त्यानंतर चर्चेचे निमंत्रण द्यायचे असेल, तर सोबत नोंदवही आणा. तिच्यात बायांची नावे आणि खात्यांचे क्रमांक असतील तर आम्ही बसू. नसतील, तर तोड सुरू होणार नाही.